बंबाला फाशी, घमेलं मोकाट

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या मागच्या अंगाला, कपडे वाळत घालायच्या तारांच्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये एक बंब आहे. छातीएवढा उंच, काळाकुट्ट, डोक्यावर वाकडी चिमणी. गेल्या जानेवारीपासून तो थंड पडला आहे. नोटीस बोर्डावर तीन ओळी लागल्या, 'सुरक्षिततेच्या कारणास्तव लाकडी बंबाचा वापर तात्काळ बंद करण्यात येत आहे', खाली सही-शिक्का, आणि विषय संपला!

'लाकडी बंब' वाचून मला हसू आलं. बंब लाकडी नसतो हो, तो लाकडावर चालतो. पण माझं स्वतःचं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढायचा मला फारसा हक्क नाही. या लेखातल्या माझ्या चुकाही संपादक मंडळाने पोटात घालाव्यात.

मुद्दा शुद्धलेखनाचा नाहीच. मुद्दा असा आहे की त्या रात्री जे झालं ते बंबाने केलं नव्हतं. आणि ज्याने केलं ते आजही कुठल्याच नोटिशीत लिहिलेलं नाही.

काय झालं होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थंडीचे दिवस, सबमिशनचा आठवडा. आमच्या विंगमधल्या दोघीजणी रात्री दहाच्या सुमारास बंबाखालचे निखारे घमेल्यात भरून खोलीत घेऊन गेल्या. कपडे वाळेनात म्हणून, आणि हात गारठून जर्नलचं अक्षर वेडंवाकडं यायला लागलं म्हणून. धूर अजिबात नव्हता, नुसते लालभडक निखारे. रेक्टर मॅडमना दिसू नये म्हणून दाराला आतून कडी. खिडकीच्या फटीत गार वारा येतो म्हणून वर्तमानपत्राचे बोळे. सकाळी सातला एकीला उलट्या होत होत्या, डोकं फुटायची वेळ आली होती, आणि तिला उठून दाराची कडी काढायला दहा मिनिटं लागली. दुसरी हाका मारून उठेचना. 

आम्हां सगळ्यांचा पहिला अंदाज काय होता सांगू? मेसची वांग्याची भाजी! कुणीतरी लिंबूपाणी करून आणलं. एक शहाणी तिला पांघरूण घालून त्याच खोलीत झोपवत होती. बंबावरचे मामा धावत आले, घमेलं बघितलं आणि ओरडले, "पोरींनो, आधी भाईर काढा तिला, मग काय ते लिंबू पाजा!" दोघींना व्हरांड्यात आणलं, मग दवाखाना, ऑक्सिजन. दोघी वाचल्या, आज तुमच्या-माझ्यासारख्या लेक्चरला बसतात. पण तिसऱ्या वर्षाला असलेल्या, थर्मोडायनॅमिक्समध्ये साठ-साठ मार्क मिळवलेल्या आम्ही दहा-बारा जणी तिथे उभ्या होतो, आणि एकीलाही कळलं नाही. ज्यांना कळलं ते मामा चौथी शिकलेले आहेत. हे मला आजपर्यंत टोचतं.

आता जरा पुस्तकाकडे येते, कारण ते आपल्या सगळ्यांच्या कपाटात आहे आणि कुणी उघडत नाही. 'प्रोड्यूसर गॅस'चा धडा आठवतो? तापलेल्या कोळशाच्या थरातून हवा सोडली की खाली कार्बन डायऑक्साईड तयार होतो, तो वरच्या लालभडक कोळशातून जाताना आणखी एक कार्बन उचलतो, आणि त्याचा कार्बन मोनॉक्साईड होतो. आपण समीकरण लिहितो, चार मार्क घेतो. घमेल्यात तेच समीकरण चाललेलं असतं. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, त्याने खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पटीने घट्ट चिकटतो. साध्या हवेत माणूस राहिला तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तासात तेच होतं. म्हणून दवाखाना. 'आता बरं वाटतंय, झोपते जरा' असं म्हणून चालत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला त्या दिवशी डॉक्टरांकडून कळली. कोविडच्या काळात घरोघरी आलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. त्याला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. माणूस गुदमरतोय आणि आकडा ९८! तेव्हा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. बंद खोली, शेगडी, डोकेदुखी, मळमळ, आणि एकाच खोलीतल्या दोघी-तिघींना एकाच वेळी त्रास, एवढं पुरे आहे. दार उघडायचं, माणूस उघड्यावर आणायचा आणि १०८ ला फोन करायचा.

मला हे सगळं आधी माहीत असायला हवं होतं. कारण माझे आबा, म्हणजे आईचे वडील, पाचगणीतल्या एका जुन्या बंगल्यावर पंचवीस-तीस वर्षं राखणदार होते. त्या बंगल्यात फायरप्लेस होती. महाबळेश्वर-पाचगणीला साहेबांच्या काळातले जे बंगले अजून उभे आहेत, त्यातल्या कित्येकांत दिवाणखान्यात अशी भिंतीतली चूल असते. साहेबाला विलायतेची आठवण यायची म्हणून असेल, पण गरजही होती. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकच्या काठी दव गोठल्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतातच, आणि पावसाळ्यात तर भिंतींना हात लावला तरी ओल लागते. बहुतेक ठिकाणी आता त्या चुलीत प्लॅस्टिकची फुलं ठेवलेली असतात. आमच्या आबांच्या बंगल्यात मात्र ती पेटायची. मालक मंडळी मुंबईहून ख्रिसमसच्या सुट्टीत यायची, आणि त्याआधी आठवडाभर आबांची तयारी चालायची.

मी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसायचे. आबा आधी गुडघ्यावर बसून मान आत घालून वर बघायचे. चिमणीतून आभाळाचा तुकडा दिसतो का? एका वर्षी दिसला नाही. वर कावळ्याने घरटं केलं होतं, काटक्या आणि तारांचे तुकडे. मग धुराड्याची झडप उघडते का ते बघायचे. मग एक उदबत्ती लावून चुलीच्या तोंडाशी धरायचे. धूर सरळ वर ओढला गेला तर ठीक. खोलीत परत आला तर आज पेटवायचं नाही. गार पडलेल्या चिमणीत थंड हवेचा बोळा अडकून बसतो. तो हलवायला ते पेटता कागद हातभर आत वर धरून ठेवायचे, आणि मग एकदम 'हुश्श' असा आवाज येऊन चिमणी ओढायला लागायची. त्या आवाजासाठी मी रोज यायचे!

आबांचं एक वाक्य माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नव्हतं, आता शिरलंय. "धूर दिसतुया तवर माणूस सावध असतंय. धूर दिसंनासा झाला आन् निखारं ऱ्हायलं, की झडप लावू ने." म्हणजे काय, तर रात्री सगळे झोपायला गेल्यावर उबदार हवा बाहेर जाऊ नये म्हणून झडप बंद करायचा मोह होतो. निखारे पूर्ण विझून राख गार होईपर्यंत ती बंद करायची नाही. आबांना कार्बन मोनॉक्साईड हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांच्या त्या तीस वर्षांत त्या बंगल्यात कुणाला साधी चक्करही आली नाही.

आता आपल्या बंबाकडे. बंब म्हणजे तसा फायरप्लेसचाच गावाकडचा भाऊ. मधोमध नळकांडं, त्यात लाकूड, भोवती पाणी, खाली जाळी आणि राख पडायला जागा. पुण्याच्या तांबट आळीत ठोकलेले तांब्याचे बंब सातारा-सांगलीकडे लग्नात द्यायची पद्धत होती. त्यात एका बाजूने गार पाणी ओतलं की दुसरीकडून तितकंच कढत पाणी बाहेर येतं, पंप नाही, व्हॉल्व्ह नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांनी हा बंब एकदा वर्गात आणावा अशी माझी नम्र विनंती आहे.

चिमणी ओढते म्हणजे काय, ते आपण गणिताने बघू. (ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, पण मग इंजिनिअरिंगला कशाला आलात!) समजा चिमणी तीन मीटर उंच आहे, आत धूर २०० अंशांचा आणि बाहेर हवा २५ अंशांची. बाहेरच्या हवेची घनता घनमीटरला १.१८ किलो, आतल्या धुराची साधारण ०.७५. फरकाला ९.८१ ने आणि उंचीने गुणलं की येतात सुमारे १३ पास्कल. पाण्याच्या मॅनोमीटरवर सव्वा मिलीमीटर! एवढ्याशा जोरावर सगळा कारभार चालतो. आता लाकूड ओलं आहे आणि धूर जेमतेम ८० अंशांचा आहे असं धरा. जोर साडेपाच पास्कलच्या आत येतो. त्यात शेजारच्या बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन कुणी चालू केला की धूर चिमणीतून वर जायच्याऐवजी खाली उतरून न्हाणीत येतो. आमच्याकडे हे दर पावसाळ्यात व्हायचं आणि आम्ही म्हणायचो, 'आज बंबाला काय झालंय कोण जाणे.' बंबाला काही झालेलं नसायचं.

सगळ्याचं मूळ लाकडात आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. जाळायला योग्य लाकडात ते वीस टक्क्यांच्या खाली हवं. आपलं हॉस्टेल लाकूड कसं घेतं? जूनमध्ये टेंडर, जुलैमध्ये ट्रॅक्टर, आणि शेडच्या बाहेर पावसात ढीग. मी एका बादलीचा हिशेब करून बघितला. पंधरा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण १,५७५ किलोज्यूल लागतात. वाळलेलं लाकूड किलोला १५ मेगाज्यूल देतं आणि त्यातला तीस टक्के भाग पाण्यापर्यंत पोचतो असं धरलं तर एका बादलीला साडेतीनशे ग्रॅम लाकूड पुरतं. निम्मं पाणी असलेलं लाकूड किलोला फार तर आठ मेगाज्यूल देतं, शिवाय ते धुमसत जळतं म्हणून पाण्यापर्यंत वीस टक्केच पोचले असं धरू. मग एका बादलीला एक किलो लाकूड! म्हणजे टेंडरमध्ये दर किलोमागे वाचवलेले पैसे तिप्पट लाकडात गेले, आणि धूर मामांच्या डोळ्यात.

इथे कारखान्याच्या गावातली मुलं एक शंका काढतात. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाणाऱ्या बगॅसमध्येही पन्नास टक्के पाणी असतं, तो कसा जळतो? इंडस्ट्रियल व्हिजिटला मीही विचारलं होतं. तिथली भट्टी घराएवढी आणि सतत धगधगती, बगॅस बारीक, हवा आधी तापवून पंख्याने सोडलेली. बंबाच्या वीतभर नळकांड्यात बाभळीचा ओला ओंडका कोंबून त्याच्याशी बरोबरी करू नये.

सरपण वाळलंय की नाही हे ओळखायला मीटर लागत नाही. दोन लाकडं एकमेकांवर आपटा. टणकन वाजलं तर वाळलेलं, 'थप्प' वाजलं तर ओलं. कापलेल्या तोंडाला चिरा पडलेल्या हव्यात, साल सहज सुटली पाहिजे. आमची आजी पावसाळ्याची बेगमी करताना लाकूडफाटा चैत्र-वैशाखातच आत घ्यायची, जमिनीपासून वीतभर वर, हवा खेळेल असा रचून. हॉस्टेलच्या परचेसला आजीइतकी अक्कल यावी एवढीच अपेक्षा.

आणि लाकडाबरोबर काय काय जातं! मी स्वतः बघितलंय: दुधाच्या पिशव्या, तुटकी स्लीपर, सायकलच्या ट्यूबचे तुकडे (पटकन पेटतं म्हणून), सनमायका लावलेल्या जुन्या टेबलाच्या फळ्या, मागच्या वर्षी काढलेल्या वायरिंगचं पीव्हीसी. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराईड निघतो, म्हणजे ओलाव्यात सरळ आम्ल. ते आपल्या फुप्फुसातही जातं आणि बंबाच्या पत्र्यालाही खातं. रंग दिलेलं, पॉलिश केलेलं, प्लायवुड, हे काहीच बंबात जाता कामा नये. कण्हेरीचा फाटासुद्धा नाही, तिचा धूरही विषारी. रॉकेल किंवा पेट्रोलचं तर नावच काढू नका. पेटत्या किंवा नुसत्या गरम निखाऱ्यावर ओतलं की वाफ भडकते आणि भुवया जातात. भुवया गेल्या तर नशीबवान.

ओल्या लाकडाचा दुसरा उपद्व्याप चिमणीच्या आत चालतो. अर्धवट जळलेला धूर थंड पत्र्याला लागला की त्यातलं डांबर आत चिकटतं. काळं, चकचकीत, कधी पापुद्र्यासारखं. इंग्रजीत त्याला क्रिओसोट म्हणतात, मामा 'किटण' म्हणतात. हे किटण स्वतः जळणारं असतं. एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की ते चिमणीतच पेट घेतं, आणि चिमणी बॉयलरसारखी घोंघावते. परदेशात चिमणी साफ करणाऱ्यांचा साधा नियम आहे, थर तीन मिलीमीटर झाला की खरवडायचा, आणि थर कितीही असो, वर्षातून एकदा तपासायचाच. आमची चिमणी मी तीन वर्षांत एकदाही खाली उतरलेली बघितली नाही. तिला वर टोपीही नाही; पावसाचं पाणी सरळ आत. शिवाय ती पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली संपते! नियम असा सांगतात की छपरातून बाहेर पडल्यावर चिमणी कमीत कमी तीन फूट वर हवी, आणि दहा फुटांच्या परिसरात जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा दोन फूट वर. आमच्या चिमणीच्या तोंडापासून चार फुटांवर फर्स्ट इयरच्या मुलींच्या उशा आहेत.

चिमणीवरून एक आडवळण घेते. थर्मोच्या पहिल्या चॅप्टरमध्ये तोफांना भोकं पाडताना उष्णता कुठून येते हे बघणारा काउंट रम्फर्ड आठवत असेल. त्याच माणसाने १७९० च्या दशकात लंडनच्या घरांतल्या फायरप्लेस दुरुस्त केल्या. खोल खड्डा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या म्हणजे उष्णता खोलीत परत येते, आणि वरचा गळा अरुंद केला म्हणजे धूर जोरात वर जातो. बाकी काही नाही, गवंडीकाम! तोफांच्या प्रयोगावर आपल्याला प्रश्न येतो, गवंडीकामावर येत नाही.

आपल्याकडेही हे काम झालेलं आहे, आणि आपल्याच जिल्ह्यात. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने, जिचं काम फलटणलाही चालायचं, 'लक्ष्मी', 'भाग्यलक्ष्मी' अशा नावांच्या सुधारित चुली गावोगाव पोचवल्या. त्याच संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेतात नुसतं पेटवून देतात ते पाचट! चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र २००२ मध्ये गुंडाळला गेला. आमच्या गावाकडे त्या चुलींपैकी एक अजून आहे. तिचं धुराडं बुजलंय आणि शेजारी तीन दगडांची चूल मांडलीय.

हे फक्त आमच्या गावाचं नाही. ओडिशात हन्ना, डफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी अशाच सुधारित चुलींचा चार वर्षं पाठपुरावा केला, त्यांचा पेपर २०१६ मध्ये छापून आला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक उरलाच नाही. कारण चुलींची देखभाल झाली नाही, वापर कमी होत गेला. चूल डिझाईन करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, धुराडं खरवडणाऱ्याचं कुठे येतं? आपल्या हॉस्टेलमध्येही बंब घेतल्याची नोंद स्टॉक रजिस्टरला आहे, तो साफ करायचं काम मात्र कुणाच्याच नावावर नाही.

मी बंबाची फार बाजू घेतेय असं वाटेल, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. लाकडाचा धूर वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं गेली. मामा गेली कित्येक वर्षं पहाटे साडेचारला त्या धुरात बसत होते आणि त्यांचा खोकला आम्हांला तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा. आम्ही त्याला गजर समजायचो! गच्चीवर सोलर आहे, ते चांगलंच आहे, आणि उन्हाळ्यात, जेव्हा कुणालाच गरम पाणी नको असतं, तेव्हा ते उत्तम चालतं. कॉलेजने उद्या गॅसवरचा बॉयलर किंवा हीट पंप बसवला तर बंबाला हार घालून निरोप देणाऱ्यांत मी पहिली असेन. (गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावला तर तिथेही तोच कार्बन मोनॉक्साईड आहे, हे त्या वेळी विसरू नये.) पण तसं काही बसवलेलं नाही. नुसतं कुलूप लावलंय.

कुलूप लावल्यापासून काय झालं ते रेक्टर मॅडमना माहीत नसेल असं मला वाटत नाही. आमच्या मजल्यावर सध्या सात रॉड आहेत. बादलीत सोडायचे, बाजारात अडीच-तीनशेला मिळणारे हीटरचे रॉड. तपासणी आली की गादीखाली जातात, कधी कधी गरमच. एक तर लोखंडी बादलीत लटकतो, तिची मालकीण रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून 'तापलं का' बघते. अर्थिंगची पिन तोडलेली आहे, कारण खोलीतल्या सॉकेटला ती बसत नाही. इलेक्ट्रिकलच्या मुली आहेत हो या! म्हणजे उघड्यावरचा, मामांच्या नजरेखालचा, एक विस्तव बंद झाला आणि दाराआडचे सात धोके सुरू झाले. पुढच्या जानेवारीत घमेलं पुन्हा खोलीत येणार नाही याची हमीही नाही, कारण निखारे काय फक्त बंबातच मिळतात? मेसच्या मागे भाकरीची चूल आहेच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. बंदी घालायचीच तर ती घमेल्यावर घाला. खोलीत निखारे, शेगडी, कोळसा, काहीही नाही, खिडकी उघडी असली तरी नाही. आणि ते का, हे नोटिशीत लिहा. नुसतं 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' लिहून कुणाला काय कळणार? पहिल्या वर्षाला ज्या दिवशी रॅगिंगविरोधी फॉर्म भरून घेतात त्या दिवशी दहा मिनिटं यावर बोला. मामांना बोलू द्या, ते आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

बंब पुन्हा चालू करायचा तर आधी चिमणी उतरवून साफ करावी लागेल आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीवर नेऊन, टोपी घालून, तारांनी ताणून बसवावी लागेल. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये पत्राकाम आम्ही पहिल्या वर्षी शिकलोय. तेव्हा नुसती नरसाळी करून फेकून दिली, ती मेहनत इथे लागू द्या. शेडची रस्त्याकडची भिंत वरून दोन फूट उघडी हवी. लाकूड मार्च-एप्रिलमध्ये घ्यावं, टेंडरमध्ये 'वाळलेले' हा शब्द घालावा आणि ट्रॅक्टर रिकामा करायच्या आधी चार लाकडं आपटून बघावीत. बंबात पाणी भरल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, हे मामांना सांगायची गरज नाही, पण मामा रजेवर असले की वॉचमन पेटवतो, त्याला सांगायची आहे. रिकामा बंब तापला की डाग सुटतात. वाफ जायची वरची नळी मोकळी आहे ना, हे रोज बघायचं. मागे एकीने त्यात कपड्याचा बोळा घातला होता, पाणी गरम राहावं म्हणून! आमचं विहिरीचं पाणी जड, तळाशी क्षाराचा थर बसतो, तोही वर्षाला एकदा काढायला हवा, नाहीतर पत्रा जळतो.

राखेचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वरून पांढरी, गार दिसते आणि आत निखारा दोन-दोन दिवस जिवंत असतो. आमच्याकडे ती पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून लाकडाच्या ढिगाशेजारी ठेवायचे. झाकणाचा पत्र्याचा डबा, शेडच्या बाहेर, भिंतीपासून लांब, एवढ्याने काम भागतं. मग ती बागेतल्या गुलाबांना घालता येईल. शेजारी वाळूची बादली असू द्या. तापलेल्या चुलीवर, बंबावर पाणी मारू नये, वाफेने भाजतं आणि तडे जातात.

मामांना मास्क द्या, आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी. त्यांना सध्या बागेच्या कामावर लावलंय. परवा भेटले तर म्हणाले, "खोकला कमी झालाय बघ पोरी, पन तुमचं आंघोळीचं हाल बघवंनात."

पत्राकामाचा अंदाजखर्च मी आणि माझ्या बॅचच्या दोघींनी काढून ऑफिसला दिला आहे, त्यात मजुरी धरलेली नाही. पहिल्या रविवारी चिमणी उतरवायला आम्ही तिघी येतो, खरवडायला ब्रशही आणतो. शेडच्या कुलपाची किल्ली नक्की कुणाकडे आहे, तेवढं कुणीतरी सांगावं.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)